जुनी आरसी ३९०, रोजच्या ऑफिससाठी?

चाकणला बनणाऱ्या केटीएम आरसी ३९० ची किंमत जुन्या बाजारात ऐकली की हात शिवशिवतात. पण ३७३ सीसीचं हे इंजिन खुलतं ते मोकळ्या हायवेवर. सिग्नलच्या गर्दीत फॅन सुरू होतो आणि गरम झळ थेट मांड्यांवर येते. वर ८२० मिमी उंच सीट, खाली झुकलेलं हँडल. भार सगळा मनगटांवर. मागच्या सीटबद्दल न बोललेलंच बरं. तेच इंजिन हवं असेल, तर त्या पिढीची सरळ हँडलची ड्यूक ३९० जास्त शहाणपणाची.

तरीही हीच हवी? मग इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून पाहा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून स्टॉपर बघा: नवा रंग पडलेली गाडीही तिथे आपटल्याचं कबूल करते. टायरच्या कडेला २३१९ असेल, तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला.

आरसी बुकावर कर्जाचा बोजा असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९, ३० वर सह्या घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या.