डिझेल पिकअपचं ट्यूनिंग: ताकद किती वाढवावी?

टोयोटा हायलक्स भारतात 2.8 लिटरच्या एकाच डिझेल इंजिनावर आली, पण मॅन्युअल गाडीला 420 न्यूटन-मीटर टॉर्क आणि ऑटोमॅटिकला 500. इंजिन तेच, पुढचा गिअरबॉक्स वेगळा. ट्यूनिंग करू पाहणाऱ्याने हे आकडे आधी नीट बघावेत. इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून टॉर्क वाढतो, पण तो झेलावा लागतो क्लचला आणि गिअरना.

दुसरा प्रश्न उष्णतेचा, आणि तो जास्त गंभीर. डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली की काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो. टर्बोच्या अलीकडचं तापमान 700 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ टिकलं, तर टर्बो आणि पिस्टन दोन्ही धोक्यात. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन तगतो तो ऑइल आणि कूलंट उष्णता ओढून घेतात म्हणून. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर यातलं काही जाणवत नाही. माल भरून कसारा घाट चढताना जाणवतं. म्हणून एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर बसवून घ्याच.

स्वस्तातला प्लग-इन बॉक्स फ्युएल रेलचं प्रेशर संगणकाला खोटं सांगून जास्त डिझेल सोडायला लावतो. तो नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगला ट्यूनर मूळ फाइल जपून ठेवतो, डायनोवर आधीचा आणि नंतरचा टॉर्क मोजून दाखवतो. ‘डीपीएफ काढून टाकू’ म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. बीएस-6 गाडीतली काजळी हा फिल्टरच अडवतो. वॉरंटी शिल्लक असेल, तर ती संपेपर्यंत थांबा.