विश्लेषण : जुन्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवली, पण इंजेक्टर किती मोठा हवा?

जुनी गाडी हौसेने सांभाळणारे अनेक जण तिच्या इंजिनात बदल करतात. कॅमशाफ्ट बदलला जातो, हेडवर काम होते, सायलेन्सर मोकळा होतो आणि शेवटी गाडे अडते ते बोटाएवढ्या इंजेक्टरपाशी. इंजेक्टर लहान पडला तर भरवेगात पिस्टनला भोक पडू शकते. फारच मोठा घेतला तर गाडी सिग्नलला नीट उभीही राहत नाही. त्यामुळे ‘मोठा बसव, पुढे कामाला येईल’ हा गॅरेजमधला सल्ला अनेकदा महागात पडतो.

इंजेक्टर नेमके काय करतो?

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी छोटी झडप. आतल्या कॉइलला करंट मिळाला की सुई उचलली जाते आणि दाबाखालचे पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर पडते. पेट्रोलचा दाब ठरलेला असतो. त्यामुळे किती पेट्रोल जाणार हे झडप किती वेळ उघडी राहते यावर अवलंबून असते. हा वेळ इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, मिलिसेकंदांत मोजून देतो.

हा वेळ अमर्याद नसतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरचे पूर्ण चक्र अवघ्या २० मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टर त्यातील जास्तीत जास्त ८० टक्के वेळ, म्हणजे १६ मिलिसेकंद उघडा राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यापुढे झडपेला नीट मिटायला उसंत मिळत नाही आणि मोजमाप बिघडते.

आकार कसा काढायचा?

यासाठी एक चांगले उदाहरण फोर्ड मस्टँगचे आहे. १९८६ मध्ये या गाडीच्या ५.० लिटर व्ही-८ इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र वेळेवर फवारणारे इंजेक्शन आले. पुढच्या वर्षापासून त्याची ताकद २२५ अश्वशक्ती होती आणि इंजेक्टर होते तासाला १९ पौंड पेट्रोल देणारे. अमेरिकी मोजमाप पौंडात चालते. आपल्याकडच्या हिशेबात एक पौंड प्रतितास म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा सीसी. म्हणजे हा इंजेक्टर दोनशे सीसीचा झाला.

टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण अर्धा पौंड इंधन लागते. २२५ अश्वशक्तीला ११२ पौंड, आठ इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी १४ आणि ८० टक्क्यांची मर्यादा धरली की साडेसतरा. कंपनीने १९ का दिला, हे इथे कळते. थोडी शिल्लक ठेवली होती, पण फार नाही. हेड, कॅम आणि इनटेक बदलून हेच इंजिन ३०० अश्वशक्तीवर नेले, तर उत्तर येते २३.४. म्हणून तिथे २४ पौंडांचा इंजेक्टर लागतो. ३५० साठी उत्तर २७ च्या पुढे जाते, म्हणजे ३० पौंडांचा. सुपरचार्जर बसवल्यास इंजिन थंड ठेवण्यासाठी जास्तीचे पेट्रोल द्यावे लागते. तिथे अर्ध्याऐवजी ०.६ पौंड धरतात. ४०० अश्वशक्तीला मग साडेसदतीस पौंड लागतात आणि बाजारातला ४२ चा इंजेक्टर घ्यावा लागतो.

या गणितात एक चूक सर्रास होते. डायनोवर मिळणारा आकडा चाकांवरच्या ताकदीचा असतो आणि हे सूत्र इंजिनाच्या ताकदीचे आहे. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये ताकदीचा काही भाग खर्च होतो. चाकांवरचा आकडा सूत्रात घातला, तर इंजेक्टर लहान निघतो आणि नेमका तोच धोक्याचा प्रकार आहे. कमी पेट्रोल आणि जास्त हवा, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘लीन’ मिक्श्चर झाले की ज्वलनाचे तापमान वाढते, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टन जातो.

मग सरळ मोठाच का घेऊ नये?

इंजेक्टर उघडायला वेळ लागतो. करंट सुरू होणे आणि पेट्रोल प्रत्यक्ष बाहेर पडणे यांत साधारण एक मिलिसेकंद जातो. याला ‘डेड टाइम’ म्हणतात. बॅटरीचा व्होल्टेज घसरला की तो वाढतो. भरवेगात १६ मिलिसेकंदांपैकी एक गेला तर ईसीयू ते सांभाळून घेतो. पण गाडी उभी असताना सगळा खेळ दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. दुप्पट क्षमतेचा इंजेक्टर लावला, तर पेट्रोल सोडण्याची वेळ निम्मी होते आणि डेड टाइमचा वाटा मोठा होतो. एवढ्या थोड्या वेळात इंजेक्टर प्रत्येक वेळी सारखेच पेट्रोल देईल याची खात्री राहत नाही. नव्या, चांगल्या बनावटीचे इंजेक्टर हे बरेच नीट करतात. जुन्या धाटणीचे करत नाहीत. मग गाडी उभी असताना थरथरते, पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे पडतात. हेडलाइट आणि पंखा लावला की इंजिन बंद पडते आणि दोष मात्र कार्बन साचल्याला दिला जातो.

ईसीयूला ‘फसवून’ चालते का?

मस्टँगवाल्यांनी हा प्रयोग वर्षानुवर्षे केला. १९८९ पासून या गाडीत आत येणारी हवा मोजणारा मास एअर मीटर होता. २४ पौंडांचे इंजेक्टर लावल्यावर ईसीयू बदलण्याऐवजी वेगळा मीटर बसवायचा, जो खऱ्या हवेच्या ७९ टक्केच हवा दाखवतो, कारण १९ भागिले २४ म्हणजे ०.७९. ईसीयू त्या प्रमाणात इंजेक्टर कमी वेळ उघडतो आणि पेट्रोलचा हिशेब जुळतो. युक्ती चतुर होती.

अडचण अशी, की ईसीयू त्याच आकड्यावरून इंजिनावरचा भारही ठरवतो. हवा कमी दिसली की भार कमी आहे असे समजून तो ठिणगी लवकर पाडतो. प्रत्यक्षात भार पूर्ण असतो. म्हणजे पेट्रोल बरोबर आणि टायमिंग चूक, आणि परिणाम पुन्हा नॉकिंग. शिवाय नव्या इंजेक्टरचा डेड टाइम वेगळा असतो; तो ईसीयूला कोणी सांगितलेलाच नसतो. आज ट्यून करता येणारे ईसीयू सहज मिळत असताना या फसवाफसवीत अर्थ उरलेला नाही.

दाब वाढवून काम भागते का?

थोडेसेच. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पेट्रोल दुप्पट हवे असेल तर दाब चौपट करावा लागेल आणि तेवढ्यात पंप आणि नळ्या दम तोडतील. मात्र खरेदी करताना हा मुद्दा पाहायलाच हवा. मस्टँगचा मूळ दाब सुमारे २.७ बार आहे, तर अनेक इंजेक्टरांवरचा आकडा ३ बारला मोजलेला असतो. एकाच इंजेक्टरच्या या दोन आकड्यांत पाच टक्क्यांचा फरक पडतो.

कॉइलचा रोधही मल्टिमीटर लावून तपासावा. १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर बहुतेक ईसीयूंना चालतात. दोन-तीन ओहमचे थेट जोडले, तर जुन्या ईसीयूचे ड्रायव्हर सर्किट जळू शकते. इंजेक्टर मोठे घेतले पण पंप जुनाच ठेवला, तर उपयोग नाही: ३०० अश्वशक्तीला तासाला सुमारे ९२ लिटर पेट्रोल लागते आणि तेही पूर्ण दाबाखाली. जुन्या भंगारातून उचललेले इंजेक्टर असतील तर ते साफ करून, बेंचवर प्रवाह मोजून, जुळणारा संच निवडावा. आठातला एक दहा टक्के कमी देत असेल तर ऑक्सिजन सेन्सरला ते उमगत नाही, कारण तो अनेक सिलिंडरांच्या धुराची सरासरी वाचतो.

भारतात हे गणित कुठे लागू होते?

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेली, पण खासगी पद्मिनी अजून हौशी मंडळींकडे आहेत. १०८९ सीसीचे हे इंजिन वाढवून समजा ६० अश्वशक्तीपर्यंत नेले आणि कार्बोरेटर काढून चार इंजेक्टर लावले, तर प्रत्येकी मिनिटाला शंभर सीसीही पुरतात. मस्टँगचे दोनशे सीसीचे मूळ इंजेक्टरही इथे दुप्पट मोठे ठरतील.

त्यात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉलला ज्वलनासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी इंधन साधारण सात-आठ टक्के जास्त द्यावे लागते. शुद्ध पेट्रोल धरून काठावर निवडलेला इंजेक्टर इथे कमी पडतो. म्हणून ही वाढ सुरुवातीलाच गणितात धरावी आणि ओ-रिंग व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. व्हिंटेज नोंदणीचा मार्गही यात बंद होतो. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण त्यासाठी चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. त्यामुळे पन्नाशीला आलेल्या गाडीचा मूळ कार्बोरेटर काढण्याआधी मालकाने आरटीओत चौकशी केलेली बरी. काढलाच, तर तो भंगारात देऊ नये; मूळ इनटेकसह तेल लावून कपाटात ठेवावा.