‘गो अहेड’ आणि ‘खुशाल करा’

इंग्रजीत होकार देण्याचे शब्द पुष्कळ आहेत, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘गो अहेड’ म्हणजे आमची आडकाठी नाही, करा. ‘गो फॉर इट’मध्ये परवानगीपेक्षा हुरूप जास्त, परीक्षेला निघालेल्या नातवाला ते शोभते. ‘बी माय गेस्ट’ म्हणणारा जेवायला बोलावत नसतो. त्याचे पेन मागितले तरी तो हेच म्हणेल. ‘सूट युअरसेल्फ’ मात्र जपून ऐकावे. अर्थ ‘तुमची मर्जी’, आणि आपल्या ‘तुमची मर्जी’त असते तेवढीच नाराजी त्यातही असते.

आपल्या बीदर-मैलूरकडे या बाबतीत गरिबी नाही. 1948 पर्यंत निजामाचा अंमल, कचेरीत उर्दू. त्यामुळे इजाजत, परवानगी तोंडात रुळलेली. शाबास हे मूळचे फारसी ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा. घरातून ‘येतो’ म्हटले की आतून ‘या’ येते, आणि शेजारची कन्नड आजी ‘होगि बर्रि’ म्हणते, जाऊन या. नुसते ‘जा’ दोन्ही भाषांना सोसत नाही. हिरवा कंदील रेल्वेने दिला. मला स्वतःला ‘खुशाल’ सर्वांत आवडतो. तो फारसी ‘खुशहाल’वरून आला. आमच्या जैन आगमांत अनुमती मागणाऱ्याला ‘अहासुहं’ असे उत्तर मिळते: सुख वाटेल तसे करा. एक शब्द फारसीचा, एक प्राकृताचा, आणि भाव एकच.

आता दवाखान्यातले सांगतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरवायचे असले की आजी पुण्याच्या मुलाला फोन लावतात. तो म्हणतो, “गो अहेड, आई.” माया असतेच त्याला. पण आजींना मोकळी वाट तेवढी ऐकू येते, सोबत ऐकू येत नाही. त्या फोन ठेवून म्हणतात, “बघू दिवाळीनंतर.”

जैन विचारात कर्म तीन तऱ्हांनी घडते: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केले, दुसऱ्याकडून करविले, किंवा करणाऱ्याला संमती दिली; तिन्हींत वाटा येतो. आजी मागतात ती ही अनुमोदना. मुलाने होकाराबरोबर आपलाही वाटा उचलावा, एवढेच त्यांना हवे असते. इंग्रजी बोलू नये असे मी म्हणत नाही. पण तोच मुलगा “करून घे आई, मी आदल्या दिवशी येतो” म्हणाला, तर आजी त्याच आठवड्यात तारीख घेतात.