खूण जुळली, पण टायमिंग जुळले का?

आपल्या वस्तीतील कितीतरी मुले दहावीनंतर गॅरेजचा रस्ता धरतात. कोणी आय.टी.आय. करून जातो, कोणी थेट मिस्त्रीच्या हाताखाली. खोललेले इंजिन जोडताना ‘खुणेला खूण लाव, चेन चढव’ एवढेच त्यांना सांगितले जाते. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतेही. पण कॅमशाफ्ट किंवा चेन बदलली असेल, वरच्या कॅमच्या इंजिनाचे हेड घासले असेल, तर खुणा जुळूनही टायमिंग काही अंशांनी चुकू शकते.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे, तेव्हा कॅमशाफ्टचा एक. कोणता वॉल्व्ह केव्हा उघडायचा ते कॅम ठरवतो. क्रँकच्या गिअरला २० आणि कॅमच्या गिअरला ४० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे क्रँकचे १८ अंश. मग गाडी ओढत नाही. काही इंजिनांत तर पिस्टन आपटून वॉल्व्ह वाकतात. बोल लागतो पोऱ्याला आणि पगारही त्याचाच कापला जातो.

म्हणून मोजावे. क्रँकच्या टोकाला ३६० अंशांच्या खुणांची चकती बसवा, शेजारी तारेचा काटा. पिस्टन अगदी वर आला की क्रँक थोडा फिरला तरी तो जवळजवळ हलत नाही. नजरेने ते टोक सापडत नाही. पिस्टनच्या वाटेत अडसर लावून क्रँक हाताने दोन्हीकडून अडेपर्यंत फिरवा. एकीकडे ३२, दुसरीकडे २८ आले तर काटा सरकवा. दोन्हीकडे ३० आले की शून्य खरे. अडसर काढा.

आता इनटेक वॉल्व्हवर डायल गेज लावा. वॉल्व्ह पूर्ण उघडला की गेज शून्य करा. मग क्रँक चालत्या दिशेनेच फिरवत, त्या टोकाच्या १.२७ मि.मी. आधीचे आणि तेवढेच नंतरचे अंश लिहा. ६८ आणि १४८ आले, तर बेरीज २१६, निम्मे १०८. कॅमच्या कार्डावर १०८ असेल तर काम बरोबर. ११२ आले तर कॅम ४ अंश मागे आहे. गिअर सरकवता येत असेल तर सरकवून पुन्हा मोजा.

इंजिन सुरू करण्याआधी हाताने दोन पूर्ण फेरे घाला. अडले तर जोर लावू नका, खोलून पाहा.

यात बेरीज करून निम्मे करण्यापलीकडे गणित नाही. मात्र आलेले अंश तारखेसह वहीत लिहा. उद्या कोणी दोष दिला, तर पोराच्या बाजूने बोलायला ते आकडे असतील.