तण उपटायचं, पण कधी?

झाशीच्या जुन्या तटबंदीतलं लक्ष्मी गेट ओलांडलं की लक्ष्मी ताल आणि महालक्ष्मीचं देऊळ लागतं. नेवाळकरांच्या काळापासून या शहरात मराठी घरं आहेत, आणि मराठी घर म्हटलं की देवाला फुलं आलीच. जास्वंद, तगर, गुलबक्षी, झेंडू थोड्या मातीतही येतात. हौस संपते ती तणापाशी. इथला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि बघता बघता वाफे हिरवेगार होतात. मग एक तर कंबर मोडेपर्यंत खुरपणी, नाही तर बागेलाच रामराम. मला दोन्ही टोकं चुकीची वाटतात. घरच्या बागेत तण किती उपटलं यापेक्षा ते कोणत्या वेळी उपटलं, याला महत्त्व आहे.

वर्षात दोनच वेळा हयगय चालत नाही. पहिली, रोपं लहान असताना. झेंडू किंवा तेरड्याचं रोप पहिला महिनाभर तणाशी झुंजू शकत नाही; पुढे पानांचा पसारा वाढला की त्याची सावलीच निम्मं काम करते. दुसरी वेळ तणाला बी धरण्याआधीची. गाजरगवत बघा. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे अमेरिकेतलं झाड आज देशभर आहे, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. पांढरी फुलं दिसायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट काढावं. त्याने अंगाला खाज सुटते, परागांनी दमाही उठतो. केना मात्र फसवा. निळ्या फुलांच्या या वेलाला जमिनीखालीही फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. शिवाय तोडलेलं कांडं ओल्या मातीवर टाकलं की पेरापेरांतून मुळं सोडतं. म्हणून केना उपटून वाफ्यातच टाकू नये. तो आधी उन्हात कडक वाळवावा, किंवा कोवळा असताना सरळ भाजी करावी. लव्हाळ्याची पाती ओढली की गाठ खालीच राहते. ती खणून काढावी, नाही तर नवी पाती पुन्हा पुन्हा छाटून गाठीतला साठा संपवावा.

बाकीचं तण राहिलं तर काय बिघडतं? ते खत-पाणी खातं, हा आक्षेप खरा आहे, पण तो रोपाच्या बुंध्यापुरता. तेवढी वीतभर जागा मोकळी ठेवावी. दोन वाफ्यांमधली माती उघडी पडली तर बुंदेलखंडातला जोरदार पाऊस ती वाहून नेतो आणि वर पापुद्रा धरतो. कापलेलं गवत तिथे अंथरलं तर ओल टिकते. डासांची भीती घालणाऱ्यांनी आधी कुंडीखालच्या थाळ्या रिकाम्या कराव्यात, कारण डासांची अंडी साचलेल्या पाण्यात असतात. सापाची शंका मात्र रास्त आहे. दारापाशी आणि पायवाटेला गवत घोट्याच्या वर जाऊ देऊ नये.

शिवाय तण कुणी ठरवायचं? याच झाशीत १९६२ साली भारतीय चारा व गवत संशोधन संस्था उभी राहिली. तिथे हरळीसारखं गवत हा अभ्यासाचा विषय आहे. आपल्या घरात तीच हरळी दूर्वा होऊन गणपतीच्या डोक्यावर जाते. आघाडा, माका, धोत्रा, रुई, डोरली ही सगळी पत्रीतली नावं बेवारस वाढणाऱ्या झाडांची आहेत. भाद्रपदात आघाडा खुडला जातो तेव्हा त्याचं कपड्यांना चिकटणारं बी अजून पिकलेलं नसतं, म्हणजे पूजेबरोबर खुरपणीही होते. धोत्रा विषारी आहे, तेव्हा लहान मुलं असतील त्या घरात तो ठेवू नये.

यंदा दिवाळीच्या माळा उतरवाल तेव्हा झेंडूची फुलं तलावात सोडू नका. चांगली पक्की फुलं सावलीत वाळवून बी काढून ठेवा (संकरित झेंडूचं बी आईसारखं उतरेलच असं नाही, पण फुलेल), आणि त्याच दिवशी कुंपणालगत एक फेरी मारून गाजरगवताची रोपं फुलण्याआधी उपटून टाका.