उन्हाळ्यासाठी हातविणीचा सुती फ्रॉक

लहान मुलीचा उन्हाळी फ्रॉक विणायला सुती दोरा उत्तम. सूत घाम टिपते, टोचत नाही. मर्सराइज्ड सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ताणून धरलेले असल्याने चमकदार व मजबूत असते. या प्रक्रियेला इंग्रज रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर यांचे नाव मिळाले आहे.

सूत लोकरीसारखे लवचीक नसते, म्हणून माप अचूक हवे. आधी चौकोनी नमुना विणून धुवावा आणि वाळल्यावर १० सेंटिमीटरमधील टाके मोजावेत. ते २२ भरले आणि छाती ५६ सेंटिमीटर असली, तर ४ सेंटिमीटर सैलपणा धरून ६० सेंटिमीटरसाठी १३२ टाके लागतात.

गोल सुईवर गळ्यापासून खाली विणल्यास शिवण कमी येते आणि लांबी अंगावर घालून ठरवता येते. घेराला जाळीची वीण शोभते: दोरा सुईवर घेऊन नवा टाका करावा, पुढचे दोन टाके एकत्र विणावेत. छिद्र पडते, टाक्यांची संख्या तीच राहते आणि हवा खेळते.

ओले सूत जड होऊन लांबते. म्हणून असा फ्रॉक दोरीवर न टांगता सपाट पसरूनच वाळवावा.