फुटलेला शॉवर ट्रे आणि चिरेचे टोक

आपल्याकडे अंघोळीची मोरी बहुधा शहाबादी फरशीची किंवा लाद्यांची असते. परदेशात मात्र शॉवरखाली काठ असलेले एक मोठे, पसरट तबक जमिनीवर बसवतात. त्याला शॉवर ट्रे म्हणतात. आता आपल्या शहरांतील काही नव्या सदनिकांतही तो दिसू लागला आहे. हा ट्रे अ‍ॅक्रिलिक या प्लॅस्टिकचा, राळेत बसवलेल्या काचतंतूंचा किंवा चिनी मातीचा असतो.

अशा ट्रेला एखादे दिवशी केसासारखी चीर पडते. घरातले कोणीतरी म्हणते, "त्यात थोडे पांढरे सिमेंट भरा, झाले काम!" काही दिवसांनी सिमेंट निघून येते आणि चीर बोटभर पुढे सरकलेली असते. चीर तर भरली होती. मग ती थांबली का नाही? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

टोकाशी काय घडते?

ओढ्याच्या मध्यभागी दगड असला, की पाणी त्याला वळसा घालून जाते आणि दगडाच्या दोन्ही कडांशी प्रवाहाची दाटी होते. पदार्थ ताणला असता त्यातून जाणाऱ्या बलाचेही असेच होते. चीर म्हणजे बलाच्या वाटेतील अडथळा होय. चिरेवरून बल पलीकडे जाऊ शकत नाही. ते तिच्या टोकाला वळसा घालते, आणि तेथे प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, अतिशय वाढते.

किती वाढते? १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्यांनी याचे गणित मांडले. चिरेची निम्मी लांबी 'ल' आणि तिच्या टोकाच्या गोलाईची त्रिज्या 'त्र' मानली, तर टोकाशी असणारे प्रतिबल हे एरवीच्या प्रतिबलाच्या

१ + २√(ल ÷ त्र)

इतके पट असते. समजा, चीर २० मि.मी. लांब आहे; म्हणजे ल = १० मि.मी. टोकाची त्रिज्या फक्त ०.००१ मि.मी. धरू. मग उत्तर येते २०१ पट! प्रत्यक्षात टोकाजवळचा पदार्थ थोडा ओघळतो, त्यामुळे हा आकडा तंतोतंत खरा ठरत नाही. पण त्यातील मुद्दा खरा आहे.

आता त्याच टोकाशी ५ मि.मी. व्यासाचे गोल भोक पाडले आणि भोकासकट एकूण लांबी २० मि.मी.च राहिली, असे समजा. त्रिज्या झाली २.५ मि.मी. सूत्रात घाला. उत्तर येते फक्त ५ पट. पदार्थ तोच, लांबीही तीच. बदलली ती केवळ टोकाची गोलाई!

यापुढचे पाऊल अ‍ॅलन ग्रिफिथ यांनी टाकले. काचेवर प्रयोग करून त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनावरून असे दिसते, की चीर चौपट लांब झाली तर तिला पुढे ढकलण्यास निम्मेच प्रतिबल पुरते. म्हणजे चीर जितकी वाढते, तितके तिचे पुढचे वाढणे सोपे होते. "पुढच्या महिन्यात बघू" असे म्हणणे महाग पडते, ते यामुळेच.

करून पाहा

वर्तमानपत्राच्या एकाच दिशेने कापलेल्या, ३ सें.मी. रुंदीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या काठाजवळ पंचिंग मशीनने भोक पाडा आणि काठापासून भोकापर्यंत कात्रीने सरळ काप द्या. दुसरीला भोक न पाडता तितकाच खोल काप द्या; म्हणजे भोकाची आतली कड जेथे येते, तेथपर्यंत. दोन्ही पट्ट्या टांगून त्यांच्या खालच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा व तीत हळूहळू पाणी ओता. कोणती पट्टी आधी फाटते, ते पाहा. कागद सगळीकडे सारखा नसतो, म्हणून प्रयोग चार-पाच वेळा करून सरासरी काढा.

चीर मुळात पडलीच का?

ट्रे खालून सगळीकडे टेकलेला असावा लागतो. बसवताना खालच्या गिलाव्यात पोकळी राहिली, तर तेवढा भाग पाय पडताच लवतो. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ५९० न्यूटन असते. वाकलेल्या पत्र्याची एक बाजू दाबली जाते, तर दुसरी ताणली जाते. घरातल्या चौघांनी रोज अंघोळ केली, तर हे वाकणे वर्षात किमान १,४६० वेळा घडते. लहानशा बलाने, पण पुन्हा पुन्हा वाकवल्यानेही पदार्थ थकतो व चिरतो.

सिमेंट का टिकत नाही, तेही आता कळेल. सिमेंट दाब चांगला सोसते, ताण नाही. शिवाय गरम पाण्याने १ मीटर लांबीचा अ‍ॅक्रिलिकचा ट्रे २५ अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे १.७५ मि.मी. वाढतो, तेवढेच सिमेंट सुमारे ०.२५ मि.मी. वाढते. दोघांची फारकत होणारच!

दुरुस्ती की नवा ट्रे?

प्रथम चिरेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा पाहा. नंतर ट्रेमध्ये उभे राहून तो पायाखाली लवतो का, हे तपासा.

चीर वरच्या थरापुरतीच असेल, वाढत नसेल आणि ट्रे लवत नसेल, तर पॉलिशपेपरने घासून, पूर्ण वाळवून इपॉक्सीने ती भरता येते. चीर आरपार असेल, तर क्रम असा हवा : टोकांशी गोल भोके पाडणे, खालची पोकळी भरून आधार देणे, आणि शक्यतो खालच्या बाजूने काचतंतूंची जाळी राळेने चिकटवणे. ओल राहिली तर राळ धरत नाही. ड्रिल चालवणे व राळ मिसळणे ही कामे जाणत्या माणसानेच करावीत. जागा कोरडी व हवेशीर असावी.

चिनी मातीचा ट्रे आरपार तडकला, निचऱ्याच्या भोकापाशी चिरा फुटल्या किंवा खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसू लागली, तर मात्र ट्रे बदलणेच योग्य. अरुंद चिरेत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते. वरून चीर मिटलेली दिसली, तरी खाली ओल पसरतच राहते आणि भुर्दंड शेजाऱ्याला पडतो. नवा ट्रे बसवताना आधी खालचा आधार सलग आहे ना, हे पाहावे. भिंतीलगतचा सांधा लवचिक सिलिकोनने भरावा, आणि तो भरताना ट्रेमध्ये वजन ठेवावे. म्हणजे पुढे कोणी उभे राहिले तरी सांधा ताणून उघडत नाही.

म्हणून ट्रे असो, प्लॅस्टिकची बादली असो वा टाकी असो, चीर भरण्याआधी दोन प्रश्न विचारा : तिला ताणते कोण? आणि तिचे टोक किती तीक्ष्ण आहे?

आता एक गणित तुमच्यासाठी. भोकासकट एकूण ४८ मि.मी. लांबीच्या चिरेच्या टोकांशी ३ मि.मी. व्यासाची भोके असतील, तर तेथील प्रतिबल किती पट होईल? १२ मि.मी. व्यासाची असतील तर? दुसरे उत्तर लहान येईल. मग कारागीर नेहमी मोठेच भोक का पाडत नाहीत, याचा वर्गात विचार करा.